अर्ध्या जिन्यावरची लिफ्ट

माझे बाबा मूर्ख असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. मूर्ख माणसावर किती दिवस रागावणार? मी गाडी चालवायला शिकवते. रोज कुणीतरी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबतं, मी घसा फोडून ओरडते आणि पुढच्या वळणाला विसरूनही जाते. ज्याला येत नाही त्याच्यावरचा राग टिकत नाही. पण ज्याला सगळं येतं, ज्याने उभा जन्म तेच काम केलं, त्याने आपल्याच बायकोच्या वेळी जाणूनबुजून चुकीच्या जागी पाय द्यावा, ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

बाबा एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. स्क्रूपासून क्रेनपर्यंत जे काही कारखान्यात यायचं, त्याची पत्रं बाबांच्या टेबलावरून जायची. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे कोटेशनकाका म्हणतात, तेही तोंडावर, आणि बाबांना ते आवडतं. घरात साधी बादली आणायची तरी तीन दुकानांत भाव काढून यायचे. आई म्हणायची, "अहो, तुम्ही भाव काढून येईपर्यंत ह्या जुन्या बादलीलाच पाझर फुटेल." घरी आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर बाबांचं व्याख्यान गिळावं लागायचं. त्यातून माझ्या मैत्रिणीही सुटल्या नाहीत.

ते व्याख्यान मला पाठ आहे. बाबा म्हणायचे, विकणाऱ्याला पाठवायची पत्रं तीन प्रकारची असतात, आणि अर्धी दुनिया चुकीचं पत्र पाठवते म्हणून बुडते. बाजारात काय मिळतं हेच आपल्याला ठाऊक नसेल तेव्हा पहिलं पत्र: माहिती मागवायची, किमतीचं नावसुद्धा काढायचं नाही. आपलं दुखतंय कुठे ते ठाऊक आहे, पण इलाज ठाऊक नाही, तेव्हा दुसरं: प्रस्ताव मागवायचा. "बाबा रे, माझं असं असं दुखतंय, तू काय करशील ते सांग." आणि काय घ्यायचं ते शेवटच्या खिळ्यापर्यंत पक्कं ठरलेलं असेल तेव्हाच तिसरं: दर सांगा, बास. इथे बाबा बोट वर करायचे. "तिसरं पत्र सगळ्यात सोपं असतं, म्हणूनच सगळ्यात घातक. तुम्ही चुकीचं मागितलंत तर समोरचा चुकीचंच देतो, आणि वर स्वस्तात देतो!"

हे त्यांचंच वाक्य आहे बरं का. मी माझ्या पदरचं काही घालत नाहीये.

मी शाळेत असताना कारखान्यात एक प्रकरण झालं. एका विभागात धूळ फार व्हायची, कामगार खोकून खोकून बेजार. बाबांनी दुसरं पत्र काढलं. दर विचारला नाही, "आमच्याकडे अशी धूळ होते, तुम्ही कशी घालवाल?" एवढंच विचारलं. आलेल्या प्रस्तावांतला जो खरोखर चालेल तो निवडला, आणि तो सगळ्यात स्वस्त नव्हता. धूळ गेली, पण बाबांवर चौकशी बसली. कमी दराचा माणूस असताना हाच का घेतला? तुम्हाला काय मिळालं? चौकशी लांबत लांबत गेली. शेवटी बाबा निर्दोष ठरले, म्हणजे तसं लिहून मिळालं, आणि त्यांना उचलून स्टेशनरीच्या टेबलावर बसवलं. पेनं आणि टाचण्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तेव्हा मला त्यांची फार कीव आली होती, आजही येते, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

त्या दिवसांत घर आईने ओढलं. आई शिवणकाम करते. आमच्या बिल्डिंगच्या समोर, रस्ता ओलांडला की, तिचं दुकान आहे, तिच्या स्वतःच्या नावावर. हिरवं शटर, आत दोन मशिनी, कापायचं टेबल, मागे छोटं मोरी-संडास आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला टेकवलेला एक बाक. आई घरात कमी बोलते. दुकानात मात्र तिचं तोंड दिवसभर चालू. कुणाचा बाही-गळा, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासूचं नाक, सगळं त्या बाकावर यायचं. मी लहानपणी अभ्यास त्या टेबलाखाली केला आहे. मला तेव्हा वाटायचं की आईची दोन माणसं आहेत, एक चौथ्या मजल्यावर राहते आणि एक खाली.

आणि मग आई बाथरूममध्ये घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय म्हणावा तसा वळेना. सपाटीवर वॉकर घेऊन ती चालते, छान चालते. पायरी मात्र एक चढता येत नाही. हॉस्पिटलमधून घरी आणताना दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले वर चढवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. "सावकाश, सावकाश!" "काकू, काय हे झालं!" "डावीकडून घ्या, कठड्याला लागेल!" आई डोळे मिटून बसली होती. घरात खुर्ची टेकली तेव्हा पहिलं वाक्य बोलली. "मी काय कपाट आहे? ह्यापुढे मला कुणी उचलायचं नाही. उचलायचं ते मेल्यावर उचला."

झालं. त्या दिवसापासून आई चौथ्या मजल्यावर अडकली. दोन वर्षं. खिडकीतून समोरचं हिरवं शटर दिसायचं. सकाळी चहा घेऊन ती खिडकीशी बसायची आणि बंद शटरकडे बघायची. खालून एखादी बाई हाक मारायची, "मावशी, कधी उघडताय?" आई वरून ओरडायची, "लिफ्ट आली की!" बाबांनी एकदा मशीन वर आणून देतो म्हटलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की माझ्याच अंगावर काटा आला. "गिऱ्हाईक चार मजले चढून माप द्यायला येणार आहे का? आणि मला नुसतं शिवायचं नाहीये हो. मला दुकानात बसायचंय."

एवढंच हवं होतं तिला. दुकानात बसायचं होतं.

बाबांनी लिफ्टसाठी किती जोडे झिजवले ते मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू? ते दारोदार फिरले. तळमजला म्हणाला, आम्हाला लिफ्ट कशाला, आम्ही काय तळघरात जाणार? पहिला मजला म्हणाला, आम्ही व्यायाम म्हणून चढतो. दुसऱ्या मजल्याला आवाजाची भीती. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, समजावलं, हात जोडले, पुन्हा गेले. जो माणूस कधी शेजाऱ्याकडे विरजण मागायला गेला नाही, तो बायकोसाठी लोकांच्या उंबऱ्यावर उभा राहिला. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटायचा की विचारू नका. दीड-पावणेदोन वर्षांनी सगळे कसेबसे हो म्हणाले.

आणि नेमकी इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

कमिटीची मीटिंग आमच्याच घरात होती. आई आतल्या खोलीत होती, मी चहा देत होते. बाबा म्हणाले, "आता मी पत्रं काढतो." तिसऱ्या मजल्यावर एक वकील राहतात. माणूस वाईट नाही, पण नाकाने कांदे सोलायची सवय. त्यांनी बशीत चहा ओतत ओतत म्हटलं, "काका, राग मानू नका. लिफ्ट तुमच्याच घरासाठी, पत्र तुम्हीच काढणार, निवडणारही तुम्हीच. उद्या कुणी बोट दाखवायला नको. सगळं स्वच्छ असू द्या. कमी दर त्याला काम. म्हणजे प्रश्नच मिटला."

मी बाबांकडे बघत होते. चौकशीच्या दिवसांत ते घरी आले की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसा झाला. ते म्हणाले, "अर्थात. कमी दर त्याला काम."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण बाबांनी ताकच फेकून दिलं. चार दिवसांत त्यांनी तिसरं पत्र काढलं. जिन्याच्या मागच्या भिंतीला लागून, बाहेरून, चार माणसांची लिफ्ट, अमुक उंची, अमुक थांबे, दर कळवा. लिफ्टवाल्या कंपन्यांचे लोक येऊन भिंत बघून गेले. एकाने फोन करून काही विचारायचा प्रयत्न केला, तर बाबा म्हणाले, "प्रश्न लेखी विचारा. सगळ्यांना एकच नियम." रात्री जेवताना हसत हसत म्हणाले, "एका शहाण्याने दराऐवजी निबंध लिहून पाठवलाय. बाद केला." आईने विचारलं, "काय लिहिलंय?" बाबा म्हणाले, "मागितलं नव्हतं ते लिहिलंय." आणि भात कालवायला लागले.

काम सुरू झालं. आमच्या खिडक्या पुढच्या बाजूला, लिफ्ट मागच्या बाजूला, त्यामुळे आईला दिसायचं काही नाही. फक्त ड्रिलचा आवाज यायचा. तो कर्कश आवाज ऐकून सगळी बिल्डिंग वैतागायची आणि आमची आई बॉबिनी भरत बसायची. तिने जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले. माझ्याकडून दुकानाची झाडलोट करून घेतली, मशिनीत तेल घालून घेतलं. मापाची टेप धुतली. टेप कोण धुतं हो? आईने धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

आमच्या जिन्याची रचना अशी आहे की एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये वळायला एक टप्पा लागतो. तिथेच मागची भिंत आहे. त्या टप्प्यावरची खिडकी फोडून तिथे प्लायवूड ठोकलेलं मला येता-जाता दिसायचं. मी एकदा विचारलं, "बाबा, हे इथे का फोडलंय? दार आपल्या मजल्यावर नको का?" बाबा म्हणाले, "काम चाललंय ना? पुरं होऊ दे. अर्धवट कामावर बोलू नये." ते इतकं ठामपणे म्हणाले की मी गप्प बसले.

लिफ्ट चालू व्हायच्या दिवशी सकाळी सगळी बिल्डिंग जिन्यात. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्लायवूड निघालं. चकचकीत दार, आत दिवा, आरसा. वकील म्हणाले, "काकूंना पहिला मान!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आमच्या घराचं दार उघडलं आणि आई वॉकर टेकत बाहेर आली. नवे कपडे, गळ्यात मापाची टेप, हातात शटरची किल्ली. ती जिन्याच्या तोंडाशी आली आणि थांबली.

लिफ्ट खाली होती. म्हणजे आमच्या दाराशी नव्हती. अर्धा जिना उतरून गेलं की त्या वळणाच्या टप्प्यावर तिचं दार उघडत होतं. आणि आईच्या आणि त्या दाराच्या मधे तो अर्धा जिना पसरलेला होता, जसा तो दोन वर्षं होता तसाच.

आई म्हणाली, "अहो, ही खालीच राहिली."

बाबा घाईघाईने म्हणाले, "अर्धाच तर जिना आहे गं. मी एकीकडून धरतो, ही दुसरीकडून धरेल. दोन मिनिटांचं काम."

"मला पायरी उतरता येत नाही."

"धरून, गं..."

वकील म्हणाले, "खुर्ची आणू का, काकू? आम्ही आहोत ना चौघं. उचलून नेतो."

आईने कुणाकडेच बघितलं नाही. वॉकर फिरवला. वॉकरवर वळायला वेळ लागतो. थोडं थोडं करून वळावं लागतं, आणि तेवढा वेळ सगळे बघत उभे. ती आत गेली आणि तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग काय झालं माहितीये? कुणीतरी बटण दाबलं. व्यायाम म्हणून चढणारा पहिला मजला लिफ्टमध्ये शिरला. तळमजल्याची पोरं शिरली. वर-खाली, वर-खाली. "काय स्मूथ आहे हो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांचा दंड धरला आणि त्यांना त्या टप्प्यावरच भिंतीशी उभं केलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही? एवढे येऊन भिंत बघून गेले, एकाच्याही तोंडून निघालं नाही की ही लिफ्ट अर्ध्यावर थांबणार?"

बाबा खाली बघत होते. म्हणाले, "एकाने सांगितलं होतं."

"कोणी?"

"तो. निबंधवाला."

बाबा आपलं हळूहळू बोलत राहिले. "त्याने लिहिलं होतं, जिन्याच्या बाजूने घेतलीत तर दार अर्ध्या जिन्यावर येईल. पुढच्या गॅलरीच्या बाजूने घ्या, थेट घराच्या दाराशी थांबेल. स्कूटरची शेड हलवावी लागेल, खर्च वाढेल. आणि विचारलं होतं, लिफ्ट नक्की कुणासाठी हवी आहे?"

"आणि तुम्ही त्याला बाद केलंत?"

"तुलना होत नव्हती ना. बाकीच्यांनी मागितलेल्या वस्तूचा दर दिला होता. ह्याचं घ्यायचं तर सगळं पुन्हा. दुसरं पत्र काढावं लागलं असतं. मग कमी दराचा हिशोब राहत नाही. मग निवड आली. मग वकील म्हणाला असता, स्वतःच्या दारात लिफ्ट आणायला जास्त दराचा माणूस..."

"म्हणू दे की!"

"तुला नाही कळायचं. चौकशी म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं," मी म्हटलं, आणि माझा आवाज चार मजले गेला असणार, कारण लिफ्ट थांबली, "की तुम्हाला माहीत होतं! दुसरं पत्र हवंय हे तुमच्याइतकं ह्या गावात कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही आईसाठी लिफ्ट घेतलीच नाहीत. तुम्ही चौकशी झाली तर दाखवायला लिफ्ट घेतलीत!"

वकील लिफ्टमधून डोकं बाहेर काढून बघत होते. त्यांनी ते आत घेतलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात भांडी सोडून कुणी आवाज केला नाही. आई खिडकीशी बसायची बंद झाली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खालून हाक आली तर मला म्हणायची, "सांग, मेली म्हणून." मी बाबांना वाढायचे ते ताट आदळून वाढायचे. बाबांनी एकदा "अगं ऐक" म्हटलं, तर आई पलंगावरूनच म्हणाली, "लेखी द्या."

मग एका सकाळी मी क्लासला निघाले होते. दार उघडलं तर समोर आई. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली. चक्क जमिनीवर, पाय पुढे पसरून. गळ्यात टेप.

"आई! काय करतेस?"

"उतरतेय. दिसत नाही?"

"थांब, मी धरते."

"हात लावलास तर याद राख."

ती हातांवर जोर देऊन एक पायरी खाली घसरली. मोडका पाय पुढे सरळ, काठीसारखा. श्वास घेतला. आणखी एक पायरी. कपड्यांना धूळ लागत होती, लिफ्टच्या कामाची सिमेंटची धूळ, कुणी झाडलीच नव्हती. मला इतकं रडू येत होतं आणि इतका संताप येत होता की दोन्हींतलं कुठलं आधी बाहेर येईल ते कळेना. बाबा दाढीचा फेस तोंडाला लावून दारात आले आणि तसेच उभे राहिले. आईने मागे बघितलं नाही. मला म्हणाली, "वॉकर खाली आण. तेवढं कर."

टप्प्यावर पोचल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली. कशी राहिली तिचं तिला माहीत, ओठ दातांखाली धरलेला होता. उभी राहिली, मागची धूळ झटकली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

रस्ता ओलांडताना मी पुढे होऊन हात दाखवून गाड्या थांबवल्या. त्या दिवशी एकाने जरी हॉर्न वाजवला असता तरी मी त्याची काच फोडली असती. शटर मी उचललं. आत नव्या-जुन्या कापडाचा आणि मशिनीच्या तेलाचा वास कोंडला होता. आई स्टुलावर बसली. एक चिंधी घेतली, मशीनखाली सरकवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ शिलाई मारली. ती चिंधी डोळ्यांजवळ धरून बघितली. म्हणाली, "ताण ढिला आहे. तेल कुणी घातलं, तू का? मशिनीला घालायचं असतं, आंघोळ नाही घालायची." दोन वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. दुकानातला.

दुपारपर्यंत बाक भरला.

संध्याकाळी बाबा खाली आले. दुकानाच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "चल घरी."

"कशी?" आईने सुई तोंडात धरूनच विचारलं.

"म्हणजे... सकाळी आलीस तशी."

"सकाळी बसून घसरत आले. घसरत वर जाता येतं का? तुम्ही जाऊन दाखवा, मी मागून येते."

बाबांनी वळून बिल्डिंगकडे बघितलं. मग म्हणाले, "आम्ही उचलून..." आणि स्वतःच थांबले. आईने दोरा दाताने तोडला. त्या रात्री कापायच्या टेबलावर गादी पडली. मी म्हटलं, मीही इथे झोपते. आई म्हणाली, "तू वर जा. त्यांना गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही."

आणि आई खालीच राहिली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मागच्या मोरीत बादली आली, भिंतीला आरसा आला, एक छोटी शेगडी आली. बिल्डिंगमध्ये कुजबूज व्हायची ती झाली. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने कुणी केली नाही, त्यांचं नशीब चांगलं. बाबा सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचे. अर्धा जिना उतरायचे, लिफ्टने खाली यायचे, रस्ता ओलांडायचे. आई डबा घ्यायची, आधीचा रिकामा डबा द्यायची, आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहायची. बाबा वाळले. मी बघत होते, आणि मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून पुन्हा राग येत होता.

मग एक दिवस बाबांनी कमिटीची मीटिंग बोलावली. मीही बसले. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकीचं पत्र काढलं. मला माहीत असून काढलं. आता त्या अर्ध्या जिन्याचं काहीतरी करायचंय. ह्या वेळी मी दर विचारणार नाही, प्रस्ताव मागवणार आहे. खर्च माझा. निवड मी करणार, आणि जो दारापर्यंत नेईल त्याची करणार, स्वस्त असो की महाग."

वकिलांनी घसा साफ केला. "काका, पण उद्या कुणी..."

"करा चौकशी!" बाबा ओरडले. माझ्या बाबांना मी जन्मात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यांना ते नीट जमलंही नाही, आवाज फाटला. "करा! मी बसतो चौकशीला. पेनं-टाचण्या मोजायला बसवणार असाल तर तिथेही बसतो!"

मला उठून बाबांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. इतक्या लवकर विरघळायला मी काय साखर आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले. डबा होताच, शिवाय हातात मसुदा. मी गाडी लावून चहा प्यायला आत बसले होते, बाकावर दोन बायका माप द्यायला आल्या होत्या. बाबांनी चष्मा लावला आणि पत्र वाचायला सुरुवात केली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या आवाजात ती व्याख्यानाची ऐट आली होती. "आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका महिलेस पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत. लिफ्टच्या टप्प्यापासून त्यांच्या घरापर्यंत, कुणीही न उचलता, त्यांना स्वतःहून जाता यावे यासाठी आपण काय उपाय..."

"कोण महिला?" आईने विचारलं.

बाबा हसले. "तू."

"ती चौथ्या मजल्यावर राहते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबांचा हात पत्रासकट तसाच हवेत राहिला.

"मला वर यायचंय, असं मी म्हटलं होतं?" आईचा आवाज चढला नाही. मी तिचा चढलेला आवाज सहन केला असता. "मी दोन वर्षं वरून हे शटर बघत काढली. तुम्ही बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारात जाऊन विचारून आलात, कमिटीला विचारलंत, सगळ्या लिफ्टवाल्यांना विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत? तुमच्या त्या तीन पत्रांतलं पहिलं पत्र कुठाय हो? ते आधी काढायचं असतं ना?"

बाकावरच्या बायका आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागल्या. बाबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते, पण ते रडले नाहीत, आणि मी तेव्हा त्यांच्यावर रागावले नव्हते. खरंच नव्हते. कधी नाही ते मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटत होती, पण त्यांची बाजूच सापडेना.

"मग..." बाबा म्हणाले, आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. "मग तुला काय हवंय?"

आईने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"आत्ता उजेड अडवताय. बाजूला व्हा. ह्या दोघी तुमच्या आधी आल्यात. त्यांचं माप होऊ दे, मग बोलू."

बाबा दारातून सरकले आणि त्या दोघींच्या शेजारी बाकाच्या टोकाला बसले. डबा मांडीवर, कागद डब्याखाली. माझा क्लास होता, मी निघाले. दुपारी परत आले तेव्हा त्या दोघी केव्हाच गेल्या होत्या. बाकावर तिसऱ्याच बायका बसल्या होत्या, आणि बाबा अजून टोकालाच बसून होते.